सोसायटीचं बिल, दोन भाषांत

हाउसिंग सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल बाहेरून फार साधं दिसतं. फ्लॅट नंबर, सभासदाचं नाव, सेवाशुल्क, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, पार्किंग, मागची थकबाकी, तिच्यावरचं व्याज आणि खाली एकूण. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या ज्या छोट्या कंपनीत मी काम करते, तिथे अशी बिलं काढणारं सॉफ्टवेअर तयार होतं. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या सोसायट्या. बिलं काढायचा भाग जुना, पीएचपीत लिहिलेला. बँकेत जमा झालेल्या रकमा बिलांशी जुळवायच्या, थकबाकीदारांच्या याद्या करायच्या, ऑडिटरला तक्ते द्यायचे, हा नवा भाग पायथनमध्ये लिहायचं ठरलं आणि या दोन भाषांमधली देवाणघेवाण माझ्या वाट्याला आली. व्याजाच्या हिशेबात वेळ जाईल असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात वेळ खाल्ला तो इकडचं बिल तिकडे जसंच्या तसं पोचवण्याने.

प्रोग्रॅम चालू असताना बिल मेमरीत सलग पडलेलं नसतं. सोसायटीत विंग, विंगमध्ये मजले, मजल्यावर फ्लॅट, फ्लॅटच्या पोटात सभासद आणि आकारणीची शीर्षकं, असा तो पसारा असतो. दुसऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवायचा तर तो आधी बाइट्सच्या एका ओळीत मांडावा लागतो आणि पलीकडे त्या ओळीवरून पुन्हा उभा करावा लागतो. या मांडणीला सिरियलायझेशन म्हणतात. प्रत्येक भाषेची आपली घरगुती पद्धत असते. पीएचपीची वेगळी, पायथनची ‘पिकल’ वेगळी, जावाची १९९७ पासूनची आणखी वेगळी. घरातल्या घरात त्या उत्तम चालतात. परक्याच्या हातून आलेलं मात्र या पद्धतीने उघडायचं नसतं. पिकलच्या अधिकृत माहितीतच ताकीद आहे, की विश्वास नसलेल्या ठिकाणाहून आलेलं पिकल कधीही उघडू नका, कारण ते उघडता उघडता आपल्या मशीनवर कुणाचाही कोड चालू शकतो.

म्हणून दोन भाषांच्या मध्ये तिसरंच काहीतरी ठेवतात. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८७ मध्ये एक्सडीआर नावाचं प्रमाण याचसाठी मांडलं होतं. गूगलने आपली प्रोटोकॉल बफर्सची पद्धत २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. रोजच्या कामात मात्र जिंकलं ते जेसन. डग्लस क्रॉकफर्ड यांनी या शतकाच्या सुरुवातीला जावास्क्रिप्टमधूनच उचलून त्याला वेगळं नाव दिलं. मजकूर, आकडा, खरं-खोटं, रिकामं, यादी आणि नाव-किमतीच्या जोड्या, एवढंच त्यात मावतं. तारीख नाही, रुपये-पैसे नाहीत. आम्हीही जेसनच घेतलं. पण त्याआधी जुनं घर आवरायचं होतं.

जुन्या डेटाबेसमध्ये एका रकान्यात अख्खं बिल पीएचपीच्या घरगुती पद्धतीने साठवलेलं होतं. या पद्धतीत मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहितात. उदाहरणार्थ, एस:२४:"डोंबिवली". आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा हे बघून म्हणाला, “ताई, चोवीस कुठून आले? यात तर चार अक्षरं आहेत.” त्याचं बरोबर होतं. कागदावर डों, बि, व, ली अशी चार अक्षरं. युनिकोडच्या हिशेबात ड, ओकार, अनुस्वार, ब, इकार, व, ल, ईकार अशी आठ चिन्हं, आणि पायथनला लांबी विचारली की तो आठच सांगतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून चोवीस. पीएचपी मोजतं ते बाइट. इंग्रजीत ‘ठाणे’ लिहिलं तर पाच अक्षरं, पाच चिन्हं, पाच बाइट. कसंही मोजा, पाचच येणार. त्यामुळे ज्यांची सगळी चाचणी इंग्रजी नावांवर होते, त्यांना हा फरक आयुष्यभर दिसत नाही.

आम्हाला तो जुन्या वर्षांच्या बिलांत दिसला. एका सोसायटीने केव्हातरी पत्त्यात ‘डोंबिवली’चं ‘डोंबिवली पूर्व’ करून मागितलं होतं आणि कुणीतरी थेट डेटाबेसवर शब्द शोधून बदलण्याचा हुकूम सोडला होता. मजकूर झाला ४० बाइटचा, पुढचा आकडा राहिला २४. उघडताना पीएचपी २४ बाइट मोजून थांबतं. तिथे अवतरणचिन्ह असायला हवं, सापडते मोकळी जागा. मग ते नुसता पत्ता नाही, अख्खं बिलच नाकारतं. वेबसाइटचा पत्ता बदलताना वर्डप्रेसवाल्यांचं नेमकं असंच होतं. बिल छापून वाटलेलं असल्यामुळे ते पुन्हा उघडायची वेळ कुणावर आली नव्हती. पायथनने जुनी थकबाकी मागितली तेव्हा ते उघडं पडलं. प्रत्येक मजकूर नव्याने मोजून आकडा दुरुस्त करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि ती सगळी बिलं परत मिळाली.

मधल्या काळात पायथनच्या भागाला जुनी पद्धत आणि जेसन, दोन्ही वाचता यावं लागत होतं. मध्य रेल्वेने मुख्य मार्गावरची १५०० व्होल्टची डीसी वीज बदलून २५ हजार व्होल्टची एसी केली, तेव्हा काही वर्षं दोन्हींवर चालणाऱ्या लोकलगाड्या ठेवाव्या लागल्या होत्या, तसंच हे. २०१५ मध्ये ते काम संपल्यावर त्या जोड-यंत्रणेची गरज उरली नाही. आम्हीही जुनी बिलं जेसनमध्ये उतरवून झाली त्या दिवशी तो भाग काढून टाकला. असे तात्पुरते भाग राहू दिले की पुढे त्यांच्याच भरवशावर कुणीतरी काहीतरी बांधतं.

जेसनमध्ये आल्यावर पहिली हाक आली सपोर्टच्या मुलीची. “ताई, यातलं मराठी गेलं!” तिने फाइल नोटपॅडमध्ये उघडली होती आणि ‘डोंबिवली’च्या जागी तिरक्या रेघा, यू आणि चार-चार आकड्यांची रांग दिसत होती. मराठी कुठे गेलेलं नव्हतं. वेगळं काही सांगितलं नाही, तर दोन्ही भाषा जेसन लिहिताना देवनागरीचं एकेक चिन्ह असं सांकेतिक रूपात लिहितात. एका चिन्हाला सहा अक्षरं, म्हणजे डोंबिवलीला ४८. पलीकडे ते बिनचूक वाचलं जातं. तरी आम्ही दोन्हीकडे पर्याय बदलून मजकूर सरळ देवनागरीत लिहायला लावला. फाइल मशीनने वाचायची असली, तरी तक्रार आली की ती माणूसच उघडतो.

खरी गंमत झाली मजल्यांवरून. पीएचपीत यादी आणि नाव-किमतीच्या जोड्या यांना एकच वस्तू आहे, ॲरे. आमच्या बिलात मजल्याचा आकडा ही ॲरेची किल्ली होती. तळमजला शून्य, पहिला एक, दुसरा दोन. जेसन लिहिताना पीएचपी किल्ल्या बघतं. शून्यापासून ओळीने असतील तर ही यादी आहे असं धरून चौकटी कंस घालतं, नाहीतर महिरपी कंस घालून जोड्या लिहितं. डोंबिवलीत रामनगर, टिळकनगरच्या जुन्या इमारती तळमजला अधिक तीन. किल्ल्या शून्य ते तीन, म्हणजे यादी. ठाण्याला घोडबंदर रोडच्या टॉवरला खाली पार्किंग, राहती घरं पहिल्यापासून. किल्ल्या एक ते बावीस, म्हणजे जोड्या. एकच प्रोग्रॅम, एकच ओळ, आणि पलीकडे डोंबिवलीची इमारत एका जातीची वस्तू होऊन पोचते, ठाण्याची दुसऱ्या. पायथनमध्ये या दोन जाती वेगळ्या आहेत. टॉवरवर तपासलेला कोड जुन्या इमारतींवर अडला. ‘लिस्ट’ला ‘आयटम्स’ नावाचं काही नसतं, एवढं सांगून थांबला.

आमच्या पीएचपीच्या जाणत्या सहकाऱ्यांना काका म्हणतात सगळे. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, “अगं, ॲरे म्हणजे ॲरे. आमच्याकडे काही वेगळं दिसतच नाही.” खरोखरच दिसत नव्हतं, कारण पीएचपीने लिहिलेलं पीएचपीने आमच्यासारखं ॲरे म्हणून वाचलं की दोन्ही कंस पुन्हा एकाच ॲरेत जाऊन पडतात. पायथनचा भाग लिहिणाऱ्या पोराचं म्हणणं, डेटाच चुकीचा येतोय. दोघंही आपापल्या घरी बरोबर होते. हे इमारतीनिहाय कायम असतं तरी चाललं असतं, पण एका सोसायटीत तळमजल्यावरच्या घरांची दुकानं झाली आणि त्यांचा हिशेब वेगळ्या यादीत गेला. शून्याची किल्ली गेली आणि आदल्या महिन्यापर्यंत यादी असलेली इमारत त्या महिन्यापासून जोड्या झाली. प्रोग्रॅमला कुणी हात लावलेला नव्हता.

टॉवरलाही त्रास होताच. जेसनमध्ये जोडीतली किल्ली नेहमी मजकूर असते. पीएचपी ती ॲरेत वाचताना परत आकडा करून घेतं, पायथन करत नाही. मग मजले लावले की पहिल्यानंतर दहावा, अकरावा, थेट एकोणिसावा, आणि त्यानंतर दुसरा. रिकाम्या गोष्टींचंही तेच. सभासदाने नॉमिनी दिला असेल तर जोड्या, दिला नसेल तर रिकामा ॲरे, आणि रिकामा ॲरे पीएचपीच्या लेखी रिकामी यादी. म्हणजे नॉमिनी नसणं हे पलीकडे ‘नॉमिनींची यादी, पण कुणी नाही’ असं पोचतं.

उपाय फार मोठा नव्हता. मजला किल्लीतून काढून आत घेतला: प्रत्येक मजला ही यादीतली एक नोंद, तिच्यात मजल्याचा आकडा आणि फ्लॅट. आता यादी नेहमी यादीच. नॉमिनी नसेल तर सरळ रिकामं. ज्या गोष्टीचा अर्थ भाषेच्या सवयीत लपलेला होता तो डेटात उघड लिहिला, एवढंच केलं. पण असं करायची जागा कुठली, हे आधीच कळत नाही. ती आमच्या भागातल्या इमारतींनी दाखवून दिली.

तारखेची जागा एका खजिनदारांनी दाखवली. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक एक नोंद तपासणारे. त्यांचा फोन आला, “मॅडम, एक एप्रिलचं बिल मार्चच्या वर्षात कसं गेलं?” जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही, म्हणून पीएचपी १ एप्रिलच्या मध्यरात्रीचे सेकंद पाठवत होतं. आपली मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. पायथनचा सर्व्हर जागतिक वेळेवर चालणारा, त्याला दिसली ३१ मार्चची संध्याकाळ. एरवी एका दिवसाचा फरक कुणाच्या लक्षात आला नसता. इथे आर्थिक वर्षच बदललं. “साहेब, उद्यापर्यंत दुरुस्त होईल,” एवढंच त्यांना सांगितलं, पण त्यावर आमच्यात चर्चा बरीच झाली. वेळेचा पट्टा सोबत पाठवावा असं काहींचं मत होतं. माझं मत पडलं की बिलाच्या तारखेला वेळ नसतेच. ती कॅलेंडरवरची चौकट आहे, क्षण नाही. म्हणून ती वर्ष-महिना-दिवस अशी मजकूर म्हणूनच पाठवायची. पावतीची वेळ हा क्षण असतो. तिथे साडेपाच तासांचा फरक सोबत लिहायचा.

पैशांचं पटकन मिटलं. जेसनमधला दशांश आकडा बहुतेक भाषा दोनच्या घातांवर बेतलेल्या अपूर्णांकात ठेवतात आणि त्यात दहा पैसे नेमके मावत नाहीत. पीएचपी ७.१ पासून जेसन लिहिताना वेगळी सेटिंग लागू झाली आणि ती १७ वर राहिलेल्या सर्व्हरवर ०.१ च्या पुढे पंधरा शून्यं आणि शेवटी एक छापला जाऊ लागला. आम्ही सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात पाठवायला लागलो. रुपये २,३५०.५० म्हणजे २३५०५०. त्याच वेळी दुसरा नियम झाला: ज्याची बेरीज-वजाबाकी होत नाही तो आकडा नव्हे, मजकूर. कल्याण-डोंबिवलीचा फोनचा कोड ०२५१. आकडा म्हणून धरला की पुढचं शून्य उडतं. बँकेच्या खात्याचं तेच. फ्लॅट नंबरचं तर विचारूच नका. ई विंगमधला १ई२ आणि नुसता १००, हे दोन फ्लॅट पीएचपीच्या ढिल्या तुलनेत एकच ठरतात, कारण १ई२ हे तिला एकावर दोन शून्यं असं वाचता येतं.

सगळ्यात चिवट निघाली आपली लिपी. आकारणीच्या शीर्षकांमध्ये ‘ॲडव्हान्स’ असं एक होतं. थकबाकीच्या तक्त्यात ते दोनदा येऊ लागलं, वरखाली, अगदी सारखं. डोळ्यांना फरक नाही, पायथनच्या लेखी दोन वेगळी शीर्षकं. बाइट काढून बघितले तेव्हा कळलं की एका ठिकाणी ‘ॲ’ हे एकच चिन्ह होतं आणि दुसरीकडे ‘अ’ला चंद्र जोडलेला होता. मराठीचा हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीचे कीबोर्ड आपापल्या परीने काम भागवत होते आणि ती सवय अजून टिकून आहे. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोन रूपांना एक मानत नाही, त्यामुळे तयार फंक्शन लावून भागत नाही. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ अशा आडनावांतल्या अर्ध्या र-चं तसंच. कुणी ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितं, कुणी साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. बँकेच्या यादीतलं नाव आणि सोसायटीच्या नोंदवहीतलं नाव पडद्यावर एकसारखं असून जुळत नाही. यावर आम्ही आमची स्वतःची छोटी यादी केली, कुठलं रूप आलं तर कुठलं धरायचं याची, आणि ती पाठवणाऱ्याच्या बाजूला लावली. वाचणाऱ्याकडे लावली असती तर उद्या दुसरा कुणी वाचणारा आला की त्यालाही ती लावावी लागली असती.

हे सगळं होता होता आमच्याकडे दोन गोष्टी तयार झाल्या. एक कागद, ज्यावर बिलातल्या प्रत्येक नोंदीचा अर्थ साध्या मराठीत आहे: ही तारीख दिवस आहे की क्षण, ही रक्कम पैशांत, हे नसेल तर काय लिहायचं, ही यादी रिकामी असू शकते का. काका आणि पायथनचा पोरगा, दोघांना तो मान्य आहे, कारण त्यात कुठल्याच भाषेचे शब्द नाहीत. आणि दुसरी, नमुन्याची फाइल. तिच्यातली सोसायटी खोटी आहे, पण अडचणी खऱ्या. तळमजल्याची इमारत, पार्किंगवरचा टॉवर, नॉमिनी नसलेला सभासद, दोन्ही तऱ्हेचा ‘ॲ’, दोन्ही तऱ्हेचे अर्धे र, १ई२ नंबरचा फ्लॅट, १ एप्रिलचं बिल, पन्नास पैसे. इकडून काढायची, तिकडे उभी करायची, परत इकडे आणायची आणि बाइट ताडून बघायचे. तयार पुस्तकांतल्या उदाहरणांत माणसाचं नाव इंग्रजीत चार अक्षरी असतं, तो कुठल्या मजल्यावर राहतो हे कुणी विचारत नाही, आणि सगळं पहिल्या फटक्यात पलीकडे जातं. आपल्या गावची नावं, इमारती आणि हिशेबाचं वर्ष त्यातून गेल्याशिवाय मधली पद्धत चालते असं म्हणू नये, हे मी या कामात शिकले.

पुढे सभासदांच्या मोबाइल ॲपसाठी तिसरी भाषा आली, कोटलिन. कल्याणला खडकपाड्याला राहणाऱ्या, घरून काम करणाऱ्या एकाने ते काम घेतलं. त्याला कागद आणि फाइल दिली. कोटलिन काटेकोर, यादीच्या जागी जोड्या आल्या की ती पुढे जात नाही. तरी पहिल्याच दिवशी नमुन्याचं बिल त्याच्या फोनवर नीट उघडलं. नंतर घोडबंदरची एक नवी सोसायटी आली. खाली दोन पोडियम, त्यांना पी१, पी२ म्हणतात, तिथेही सोसायटीची कार्यालयं आणि बिलं. वर तेरावा मजला नाहीच, बारानंतर चौदा. मजला हा आकडा असतो, असं आमच्या कागदावर लिहिलेलं होतं. ते खोडून आता मजल्याला नाव वेगळं आणि क्रम वेगळा दिलाय. नाव सोसायटी सांगेल ते, क्रम आम्ही लावतो. नमुन्याच्या फाइलमध्ये पोडियम आणि तेरावा नसलेली इमारत वाढली.

डोंबिवलीतल्या तळमजला अधिक तीनच्या इमारती एकेक करून रिडेव्हलपमेंटला जातायत. नव्या इमारतींना खाली पार्किंगच असणार, म्हणजे शून्याचा मजला आमच्या चालू बिलांतून हळूहळू कमी होत जाईल. नव्या मुलाने परवा विचारलं, तो नमुन्यातून काढून टाकायचा का. नाही म्हटलं. जुन्या वर्षांची थकबाकी त्याच मजल्यांवरच्या सभासदांच्या नावावर आहे आणि ऑडिटर ती कधीही मागतो.